चटका लागलेली चुंबळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा त्या डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, आणि आपला राजा कोण हे खोऱ्यातल्या माणसांना वर्षातून एखाद्या वेळीच आठवायचं. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका, कारण या गोष्टीतली चूक मोठ्या माणसाची आहे.

त्या खोऱ्यात उतारावर नाचणी पिकायची. कुंपणांवर गुळवेल चढायची. वरच्या कड्याच्या पोटातून एक झरा निघायचा, त्याचं पाणी भर उन्हाळ्यात दातांना कळ लावील इतकं गार. या तिन्हींपासून तिथली एक म्हातारी एक पेय करायची. नाचणीला मोड आणायची, ते उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, झऱ्याच्या पाण्यात शिजवायची, कडसर चवीपुरता गुळवेलीचा तुकडा टाकायची आणि मोठ्या रांजणात निवत ठेवायची. मग त्याला असा काही फेस चढायचा, की रांजणावरचं झाकण डुगडुगायचं. लोक त्याला फेसवणी म्हणत. वाटीभर प्यालं की दिवसाचा शीण उतरायचा. दोन वाट्या प्यालं की अबोल माणूसही बोलायला लागायचा. आणि त्याहून जास्त प्यालं तर? तर बायको दार उघडायची नाही. म्हणून कुणी जास्त पीत नसे.

म्हातारीचा एक नेम होता. आपल्या शेतात जेवढी नाचणी होईल तेवढीच फेसवणी करायची, बाहेरचा दाणा आणायचा नाही. वेल अर्धी कापायची, अर्धी कुंपणावर राहू द्यायची. रांजणातला चोथा गाईंना, गाईंचं शेण शेताला. "शेतातलं शेतात फिरू द्यावं बाई," ती म्हणायची. "आपण मधल्यामधे घोटभर घ्यायचं, एवढंच आपलं."

आता विचाराल, फेस यायचा कुठून? तर तो यायचा चुंबळीतून. डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतो ना, तसलीच गवताची गोल चुंबळ. रांजण भरात आला की म्हातारी ती फेसात बुडवायची, सावलीत वाळवायची आणि रांजणघरात खुंटीवर टांगायची, वाऱ्याला आणि चुलीच्या धुराला. पुढच्या खेपेला कोमट पेयावर तीच वाळकी चुंबळ तरंगत सोडली, की सकाळपर्यंत फेस हजर! नाचणी संपली की पावसाळाभर रांजण पालथे पडायचे. तेवढे महिने फेसवणीचा सगळा जीव त्या गवताच्या वेढ्यात झोपलेला असायचा.

आणि खोऱ्याची रीत अशी, की घर वेगळं मांडणाऱ्या बाईने चुंबळ मागितली तर ती द्यायचीच. मोल घ्यायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही.

म्हातारीला दोन सुना होत्या. थोरली कष्टाची, जरा अबोल. धाकटी हसरी, सारखी काहीतरी विचारत राहणारी. रांजणघर थोरलीच्या हाती आलं, तेव्हा म्हातारीने तिला जवळ बसवलं.

"हे बघ, हिला कधी चटका लागू देऊ नकोस. दिसतं गवत, पण ती जिवंत असते. कढत पाण्यात पडली की मेली. आणि मेलेली चुंबळ दिसायला अगदी जिवंत चुंबळीसारखीच दिसते, म्हणून जपायचं."

"जपेन, आत्याबाई," थोरली म्हणाली. आणि जपलंही तिने.

पुढे म्हातारी गेली. थोरलीच्या हातची फेसवणी सासूपेक्षाही सरस निघाली. बाजाराच्या वाटेने ती चालली, की लोक म्हणत, "बघा, फेसवणीवाली आली!" उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेली ती बाई. आता कुठे तिचं नाव झालं होतं, आणि ते तिला फार गोड लागत होतं. लागणारच हो, कुणाला लागत नाही?

मग भावाभावांनी शेतं वाटून घेतली. धाकटीने ओढ्यापलीकडे घर बांधलं. तिच्या वाट्याला आलेला उतार दगडांचा होता, पण नवराबायकोने मिळून दगड वेचले, बांध घातले, आणि पहिल्याच वर्षी अशी नाचणी आली की बघणाऱ्याने बघत राहावं. खळ्यावर एक बोळका म्हातारा ती मुठीत घेऊन म्हणाला, "ह्या दाण्याची फेसवणी होऊ द्या. मग बघा, यमाला सांगतो, पुढच्या साली ये!"

सगळे हसले. थोरलीही हसली. पण घरी जाताना वाटभर तेच बोलणं तिच्या कानात वाजत राहिलं.

दोन दिवसांनी धाकटी दारात उभी.

"जाऊबाई, चुंबळ द्या हो! रांजण घासून तयार आहे. मला तर रात्रभर झोप नाही."

"उद्या ये," थोरली म्हणाली. "बुडवून, वाळवून ठेवते."

तिने नवी चुंबळ वळली. फेसात बुडवली. अगदी मनापासून बुडवली, हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवतो. शेजारी चुलीवर पुढच्या खेपेचं पाणी खळखळत होतं. चुंबळ हातात घेऊन ती त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. नाही म्हणायची सोय नव्हती, रीत होती ना! लोक काय म्हणाले असते? मग तिने ती चुंबळ उकळत्या पाण्यात सोडली, एकदा पालथी केली आणि बाहेर काढली. शिजलेल्या गवताचा वास सुटला. तिने चुंबळ सावलीत वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वाकून जावेच्या पाया पडली.

"सुखी राहा," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

धाकटीच्या रांजणाला फेस आला नाही. ती धावत आली. "जाऊबाई, सगळं तुमच्यासारखं केलं. निवू दिलं, बोट बुडवून पाहिलं. तरी मेलं हूं की चूं नाही!"

थोरलीने तिला दुसरी चुंबळ दिली. तीही तशीच. धाकटी पुन्हा आली, या वेळी रडवेली. तेव्हा थोरलीच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

"काय करणार बाई! एखादीच्या हाताला गुणच नसतो."

चुंबळ एका घरात गेली होती. हे वाक्य घराघरांत गेलं. धाकटीच्या हाताला गुण नाही, म्हणून पेरणीची पहिली मूठ टाकायला तिला कुणी बोलवेना. लोणच्याच्या बरणीला तिला हात लावू देईनात. आधी लोक म्हणत होते, मग तिलाही ते खरं वाटायला लागलं. लग्नाकार्यात ती मागे उभी राहायची, दोन्ही हात पदराखाली झाकून. सारखी काहीतरी विचारणारी बाई, हळूहळू विचारायची थांबली. थोरलीला ते दिसायचं. मग ती दुसरीकडे बघायची.

आणि एकदा हात बसला की बसला. खालच्या गावातून, वरच्या वाडीतून चुंबळ मागायला बायका येत राहिल्या. ज्यांच्याकडे म्हातारीच्या वेळच्या चुंबळी होत्या, त्याही उंदरांनी, पावसाने हळूहळू संपवल्या, आणि त्या घरच्या बायकाही थोरलीकडेच आल्या. ती सगळ्यांना हसून चुंबळ द्यायची. सगळ्यांना चटका लावलेली, आणि फेस आला नाही की तेच हाताच्या गुणाचं वाक्य ऐकवायची. आता ती उकळत्या पाण्याकडे बघत उभी राहत नव्हती. खोऱ्यात फेसवणी उरली ती फक्त तिच्या रांजणात.

पण बाळांनो, अशा माणसाला चैन कुठे असते? तिला वाटायला लागलं, कुणी खुंटीवरची जिवंत चुंबळ उचलून नेली तर? म्हणून तिने सगळ्या चुंबळी वाऱ्याधुरातून काढल्या, लाकडी पेटीत ठेवल्या आणि कुलूप घातलं. किल्ली कमरेला. बरीच वर्षं तशीच गेली. केस पांढरे झाले.

एका वर्षी पाऊस सुगीपर्यंत हटेचना. भिंतींना ओल आली. नवी नाचणी घरात आली, मोड आणून झाले, रांजण भरला. आता त्या खोऱ्यात नव्या नाचणीचा पहिला रांजण सगळ्यांनी मिळून उघडायचा असे. पहिली वाटी झऱ्याला, दुसरी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, तिसरी त्या वर्षी सून होऊन आलेल्या मुलींना. त्याशिवाय सुगी झाली असं कुणी म्हणत नसे.

थोरलीने पेटी उघडली. वरून बघता चुंबळी जागच्या जागी होत्या. तिने एक उचलली, तर बोटांत माती आली. दुसरी उचलली, तीही माती. वाळवीने आतून सगळं खाऊन टाकलं होतं.

मग थोरली दारोदार फिरली. वरची वाडी झाली, खालचं गाव झालं. "तुला दिली होती ना गं मी चुंबळ? आहे का अजून?" कशासाठी विचारत होती, देव जाणे! सगळ्या मेलेल्या आहेत हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. पण बुडणारा माणूस हात मारतोच. वाटायचं, एखादीला चटका कमी लागला असेल. एखादी वाचली असेल.

"फेकली हो कधीच," एक म्हणाली.

"माझ्या हाताला गुण नाही म्हणालात ना तुम्ही?" दुसरी म्हणाली. "मग ठेवून काय करायची? चुलीत घातली."

ओढ्यापलीकडच्या घरी मात्र ती गेली नाही. पाय उचललाच नाही.

पण बातमी ओढा ओलांडून गेली. अंगणात लोक जमले होते, थोरली भरल्या रांजणापाशी सुन्न बसली होती, आणि गर्दीतून वाट काढत धाकटी आली. पळत आली होती, धाप लागली होती तिला. कित्येक वर्षांनी तिचा चेहरा असा फुललेला थोरली बघत होती.

"जाऊबाई, काळजी करू नका! माझ्याकडे आहे!"

तिने पदरातून एक स्वच्छ फडकं काढलं आणि उलगडलं. आत पहिली चुंबळ होती. एक काडी हललेली नव्हती.

"ही तुम्ही दिलेली पहिली. माझ्या हातून तिचा फेस उठला नाही, पण टाकवली नाही मला. तुमचा हात लागलेला होता ना तिला! दर पावसाळ्यात धुराला टांगायची, उन्हात फिरवायची. म्हटलं, आपल्या कामाची नाही, पण आत्याबाईंच्या घरची आहे. घ्या. तुमच्या हातून उठेल."

थोरलीने हात पुढे केला. तिचीच वस्तू तिच्या हातात परत आली. सगळे बघत होते. काय करणार? तिने ती कोमट रांजणावर सोडली आणि झाकण घातलं. मनात म्हणाली, आत्याबाई, एवढ्या वेळी सांभाळा.

सकाळी पुन्हा सगळे जमले. झाकण काढलं. पेय कसं होतं? तळ्यातल्या पाण्यासारखं, निपचित. चुंबळ मधोमध भिजून पडली होती.

कुणी काही बोलायच्या आत धाकटीनेच तोंडावर पदर घेतला.

"माझ्यामुळे झालं! मी इतकी वर्षं हाताळली ना ती. माझ्या हाताला मेला गुणच नाही. तुमची चांगली चुंबळ माझ्याकडे राहून मेली हो, जाऊबाई! मी आणायलाच नको होती."

"खरंय," मागून कुणीतरी पुटपुटलं. "तिच्या हातात कशाला ठेवली?"

आता बघा, किती सोपं होतं! थोरलीने नुसतं गप्प बसायचं होतं. एक शब्द बोलायचा नव्हता. सगळा दोष ओढा ओलांडून आपल्या पायांनी चालत आला होता आणि स्वतःहून दुसऱ्याच्या पदरात पडत होता. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर थोरलीला सुटल्यासारखं वाटलं. मग तिची नजर धाकटीच्या हातांवर गेली. ते पुन्हा पदराखाली चालले होते.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्याकडे राहून नाही मेली. मेलेलीच दिली होती मी. उकळत्या पाण्यात बुडवून दिली होती."

धाकटीने मान वर केली.

"दुसरीही तशीच. आणि बाकी सगळ्यांनाही तशीच दिली. तुझी नाचणी माझ्यापेक्षा चांगली होती, ते मला बघवलं नाही."

धाकटी चिडली असती, अद्वातद्वा बोलली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. धाकटीने हळूच विचारलं,

"म्हणजे... माझे हात बरे होते?"

"बरे होते."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून गं."

धाकटीने दोन्ही हात पदराबाहेर काढले. सुलटे करून बघितले, उलटे करून बघितले. आता ते सुरकुतलेले होते, बोटांची पेरं वाकली होती.

"माझ्या लेकीच्या लग्नात मी तिला हळद लावली नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "लेक म्हणत होती, आई, तू लाव ना. मी शेजारणीला लावायला सांगितली. म्हटलं, माझा हात नको लागायला पोरीला."

एवढं बोलून ती वळली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. थोरली "अगं" म्हणून उठली आणि दोन पावलांवर थांबली. हळद लावायचा तो दिवस कुठून आणून देणार होती ती?

त्या वर्षी पहिला रांजण उघडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. थोरलीने काय काय केलं नाही! नव्या चुंबळी वळल्या, रांजण उघडे ठेवून वाऱ्याची वाट पाहिली, कड्यावर, झऱ्यावर चुंबळी टांगून आणल्या. म्हणे कुणा पूर्वजाला अशीच कुठूनतरी मिळाली होती. पण दर वेळी पेय आंबट तरी व्हायचं, नाहीतर त्याला बुरशी यायची. फेसवणी खोऱ्यातून गेली ती गेलीच. शेत तेच, वेल तीच, झरा तोच. पण लोक सुगीला नुसतं झऱ्याचं पाणी पिऊ लागले. नव्या सुनांनी फेसवणीची चव कधी घेतलीच नाही.

गावाने धाकटीला पेरणीची पहिली मूठ टाकायला बोलावलं. मोठ्या मानाने बोलावलं. ती गेली. पण बांधावर उभी राहिली तेव्हा तिची दाण्यांची मूठ लवकर उघडेना. लोक थांबले. कुणी घाई केली नाही. शेवटी तिने दाणे टाकले आणि ते छान उगवले. दर वर्षी उगवत होते तसेच.

थोरलीने रांजणघराला कुलूप घातलं नाही आता. सुगीच्या दिवशी सगळ्यांना पाजायचं पाणी झऱ्यावरून आणायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारपणी ती चढण चढायची, घागर भरायची आणि तशीच डोक्यावर घ्यायची, उघड्या डोक्यावर. चुंबळ वळायला तिचे हात धजायचे नाहीत.

अशाच एका सुगीला ती घागर उचलत असताना वाटेत धाकटी भेटली. दोघी बोलत नव्हत्या बरीच वर्षं. धाकटी थांबली. बांधावरचं गवत तिने उपटलं, उभ्या उभ्या त्याचा वेढा वळला आणि जावेच्या डोक्यावर ठेवला. मग घागरीला हात लावून ती वर चढवली.

"डोकं दुखतं नुसत्या घागरीने," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली.

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते, घागर धरलेली होती. डोक्यावर गवताची ओली, हिरवी चुंबळ होती. तशीच ती उतरत राहिली, खालपर्यंत.

तात्पर्य: द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं, पण देण्याचं सोंग करून दुसऱ्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास मारू नये, कारण तो परत जिवंत करणं पुढे कुणाच्याच हाती नसतं.